अंगणातली रेघ

काळ्या रानातलं एक गाव होतं. गावात दोन भाऊ होते आणि त्यांची म्हातारी आई होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात चूल एकच होती, शेतात विहीर एकच होती आणि दारात अंगणही एकच होतं.

विहिरीवरून मात्र दर चैत्रात दोघांचं वाजायचं. थोरल्याची मोसंबी होती, धाकट्याचा ऊस होता. पाणी तळाला गेलं की थोरल्याला वाटायचं, धाकटा मोटर जास्त वेळ चालवतो. धाकट्याला वाटायचं, रात्रीची लाइट नेमकी दादाच्याच वाट्याला येते. दोन दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग आई पुरण घालायची, दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवायची आणि म्हणायची, "झालं गेलं विसरा रे." ते विसरायचे. पुढच्या चैत्रापर्यंत.

अंगण मातीचंच होतं. पावसाळ्यात ट्रॅक्टर आत आला की चाकांना चिखलाचे लादे चिकटायचे आणि दारापर्यंत यायचे. एका वर्षी कापसाला भाव बरा मिळाला. धाकटा म्हणाला, "दादा, यंदा अंगण पक्कं करू." थोरला हो म्हणाला. तालुक्याहून ठेकेदार आला. त्यानं वरची माती खरवडली, चार ट्रॉल्या मुरूम पसरला, त्यावर पाणी शिंपडलं आणि काँक्रीट ओतलं. 40 फूट लांब आणि 30 फूट रुंद, सगळं एकसंध. वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून थापीनं इतकं घोटलं की त्यात फाटकाची सावली दिसायची. चार दिवसांत काम उरकलं. गावातली माणसं मुद्दाम बघायला आली.

होळी झाली आणि त्या गुळगुळीत अंगणावर बारीक रेषांचं जाळं दिसू लागलं. वैशाखात एक मोठी भेग पडली. ती कडुनिंबाच्या कोपऱ्यातून निघाली आणि तिरकी धावत पन्हाळीखालच्या कोपऱ्यात गेली. धाकट्यानं सिमेंटची राबडी करून ती बुजवली. पावसाळ्यात पन्हाळीकडचा कोपरा वर उचलला गेला, फाटकाचं दार घासू लागलं आणि बुजवलेल्या भेगेशेजारी दुसरी भेग पडली. तीही बुजवली. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही उघडल्या. पुन्हा सिमेंट आणलं, पुन्हा राबडी केली, पुन्हा तेच झालं.

धाकटा म्हणाला, ठेकेदार चोर. थोरला म्हणाला, तूच स्वस्तातलं सिमेंट आणलंस. ठेकेदार फोनवर म्हणाला, तुम्ही ट्रॅक्टर लवकर घातला. आई ओट्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "ज्यानं या घराचं जोतं बांधलं, त्याला बोलवा. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून ते जोतं तसूभर हललं नाही."

म्हातारा मिस्त्री आला. आता तो फारसं काम करत नव्हता, मुलगाच बघायचा. त्यानं भेगेकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. "पहार द्या," तो म्हणाला. "आणि आई, दोन वाट्या द्या. सारख्या आकाराच्या. जुन्या चालतील."

अंगणाच्या कडेला त्यानं पहारीनं उकरलं. काँक्रीट एके ठिकाणी चार इंच होतं, हातभर पुढे अडीचच. त्याखाली मुरमाचा पापुद्रा आणि लगेच काळी माती. त्यानं दोन मुठी काळी माती काढली, पाणी घालून मऊ मळली आणि एका वाटीत काठोकाठ दाबून भरली. दुसऱ्या वाटीत रस्त्याकडेचा लाल मुरूम तसाच मळून भरला. दोन्हींवरून सुरी फिरवून पृष्ठभाग सपाट केला आणि वाट्या ओट्याच्या कठड्यावर उन्हात ठेवल्या.

"आता?" धाकट्यानं विचारलं.

"आता मी घरी जातो. परवा येतो. पोरांनी वाट्यांना हात लावू नये."

पोरांनी हात लावला नाही, पण डोळे लावून बसली. पहिल्या संध्याकाळी काळ्या मातीनं वाटीची कड सोडली. दुसऱ्या दिवशी फट रुंद झाली. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला तेव्हा काळ्या मातीची वडी आकसून वाटीत सुटी झाली होती. वाटी हलवली की खुळखुळ वाजायची, आणि वडीच्या मधोमध आरपार तडा गेला होता. मुरमाच्या वाटीत कडेला केसाएवढी फट होती, एवढंच.

"ही वाटी म्हणजे तुमचं अंगण," मिस्त्री म्हणाला. "उन्हाळ्यात माती आकसते, पावसाळ्यात फुगते. वर तुम्ही कितीही भारी सिमेंट घाला, खालची जमीनच श्वास घेत असेल तर वरच्यानं काय करायचं?"

आपल्या पठारावरची काळी माती बेसॉल्टच्या काळ्या खडकातून झालेली. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांना अतिसूक्ष्म पापुद्रे असतात, त्यांत पाणी शिरतं आणि सुकताना निघून जातं. उन्हाळ्यात शेताच्या भेगेत अख्खी काठी जाते, हे काळ्या रानातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. शेतात ठाऊक असलेलं अंगणात आठवत नाही, एवढंच.

मग त्यानं दोन्ही भावांना कोपऱ्यांकडे नेलं. "हा कडुनिंब उन्हाळाभर खालची ओल ओढतो, म्हणून हा कोपरा खचतो. तिकडे पन्हाळ अंगणाच्या कडेलाच ओतते, म्हणून तो कोपरा उचलतो. एक टोक खाली, एक टोक वर, आणि मधे एकसंध काँक्रीट. ते बिचारं मोडणार नाही तर काय करणार?"

"मग निंब तोडू," धाकटा म्हणाला.

"निंब तुमच्या आधीचा आहे," आई ओट्यावरून म्हणाली. त्यावर कुणी काही बोललं नाही.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. जुनं अंगण फोडून काढलं. मिस्त्रीनं अडीच फूट खोदायला लावलं. धाकटा वैतागला. "सगळी काळी माती काढणार का?"

"सगळी काढायची तर दुसरी विहीर होईल. अडीच फूट पुरे. खाली उरेल तिला ओल-सुकीचा खेळ कमी खेळू देऊ."

खड्ड्यात मुरूम आला. तो एकदम लोटू दिला नाही. 6 इंचांचा थर पसरायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग दुसरा थर. असे तीन थर. दोन बिगारी दिवसभर धुम्मस उचलून आपटत होते. संध्याकाळी मिस्त्री चपला काढून त्यावर टाच रोवून फिरायचा. टाचेचा ठसा उमटला की म्हणायचा, "इथं परत." धाकटा घड्याळाकडे बघत राहायचा. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कट्टी यांनी फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकटून बसणाऱ्या मातीचा थर दाबून घालण्याचा जो उपाय अभ्यासून मांडला, त्याच्या जवळपासचंच हे काम. मिस्त्रीनं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याला ते त्याच्या चुलत्यानं शिकवलं होतं.

मुरमावर 6 इंच दगडी सोलिंग आलं. दगड उभे लावून मधल्या फटी चिपांनी ठोकून भरल्या. पन्हाळीला पाइप जोडून पाणी थेट बाहेरच्या गटारात सोडलं. निंबाभोवती 6 फुटांचं आळं मोकळं ठेवलं. आणि घराच्या जोत्याला लागून अर्धा इंच जाडीची थर्माकोलची पट्टी उभी लावली.

"ही कशाला? घाण दिसते," धाकटा म्हणाला.

"जोतं आपल्या पायावर उभं आहे, अंगण आपल्या. दोघांना एकमेकांना चिकटवू नये. एक हललं की दुसऱ्याला ओढतं."

काँक्रीटच्या दिवशी मिस्त्री मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसला. एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. पाण्याच्या बादलीवर त्यानं खिळ्यानं खूण करून ठेवली होती. सिमेंटच्या एका गोणीला 25 लिटरच्या वर पाणी नाही, आणि वाळू ओली असली तर त्याहून कमी. दुपारी बिगारी दमले. मिक्सरवाला म्हणाला, "बाबा, एक-दोन तांबे वर टाकू द्या, माल पातळ झाला की पसरायला सोपा जातो."

"पसरायला तुला एक दिवस सोपा जातो," मिस्त्री म्हणाला. "ते जादा पाणी नंतर उडून जातं. ते गेलं की माल आकसतो, आणि फाटतं ते यांचं अंगण." त्यानं तांब्या उचलून आपल्या खुर्चीखाली ठेवला.

5 इंच जाडीचं काँक्रीट पडलं. जोत्यापासून फाटकाकडे उतार दिला. पाटा फिरला, रंधा फिरला. धाकट्यानं कोरड्या सिमेंटची गोणी आणून ठेवली होती. मिस्त्रीनं ती परत पाठवली. आरशासारखं घोटायचंच नाही म्हणाला, ती साय पहिली फाटते. काँक्रीट जरा आवळल्यावर त्यानं त्यावरून खराटा हलका ओढला. अंगण खरखरीत दिसू लागलं. धाकट्याचा चेहरा उतरला. आई मात्र म्हणाली, "बरं केलंस. मागच्यावर माझी म्हैस घसरायची."

दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्रीचा मुलगा कटर मशीन घेऊन आला. काँक्रीट इतपत कडक झालं होतं की पात्यानं कडा तुटू नये. मिस्त्रीनं सुतळी गेरूत बुडवून 10-10 फुटांवर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. बारा चौकोन झाले. मशीन सुरू झालं आणि सव्वा इंच खोल चर पडू लागला. आवाजानं धाकटा अंथरुणातून धावत आला.

"अहो, हे काय करताय? कालचं नवं कोरं अंगण, आणि तुम्ही आज कापता?"

"कापलं नाही तर ते स्वतः फाटेल, धाकले मालक. सिमेंट सुकताना आकसणारच. खाली कितीही चांगलं केलं तरी आकसणारच. त्याला कुठं फाटायचं ते आपण सांगून ठेवायचं. मग ते सांगितल्या जागी फाटतं."

धाकट्याला ते पटलं नाही. महिन्यावर त्याच्या मुलीचा साखरपुडा होता, मांडव या अंगणातच पडणार होता. दारासमोरचे चार चौकोन, 20 फूट बाय 20 फूट, तेवढे तरी सलग राहू द्या म्हणाला. पाहुणे पायरी उतरले की पाय आधी तिथंच पडणार. थोरला म्हणाला, "अरे, त्यांना कळतं ते करू दे ना." धाकटा म्हणाला, "तुझ्या मुलीचा साखरपुडा असता तर?" थोरला घरात निघून गेला. आईनं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं मुलाला खूण केली. कटर त्या चार चौकोनांना वळसा घालून गेलं.

"ठीक आहे मालक," तो जाताना म्हणाला. "मग ते आपली वाट आपण शोधील. आता दहा दिवस पाणी तेवढं चुकवू नका."

पाणी चुकवलं नाही. मातीचे छोटे बांध घालून अंगणभर वाफे केले, त्यात पाणी साचवून ठेवलं, कडेला ओली गोणपाटं टाकली. थोरल्याचा मुलगा इंजिनिअरिंगला होता. तो सुट्टीला आल्यावर म्हणाला, आमच्या काँक्रीटच्या मानकात, आयएस 456 मध्येही हेच आहे, कमीत कमी 7 दिवस, आणि हवा कोरडी-उष्ण असेल तर 10. आजी म्हणाली, "मिस्त्रीनं पुस्तक न बघता सांगितलं."

साखरपुडा झाला. अंगणाचं कौतुक झालं. उन्हाळा आला, कडुनिंब पिवळा पडून पुन्हा फुटला, शेतात भेगा पडल्या. अंगण कुठं खचलं नाही, कुठं उचललं नाही. पावसाळा आला आणि गेला. फाटकाचं दार घासलं नाही.

फक्त एक भेग पडली. पायरीचा कोपरा जिथं अंगणात घुसतो तिथून ती निघाली आणि दारासमोरच्या त्या सलग तुकड्यातून नागमोडी फाटकाकडे, पुढच्या कापलेल्या रेघेपर्यंत गेली. पाहुण्यांचा पाय जिथं पडायचा, नेमकी तिथून.

धाकट्यानं मिस्त्रीला बोलावलं. बोलावताना आवाजात थोडा राग होता. "बाकीच्या आठ चौकोनांत एकही भेग नाही आणि इथंच कशी? तिथलं सिमेंट वेगळं होतं का?"

"बाकीच्यांत नाही म्हणता?" मिस्त्री म्हणाला. "या इकडे. वाका."

त्यानं एका रेघेतली धूळ झाडूच्या काडीनं साफ केली. धाकटा गुडघ्यांवर बसला. चरात डोकावला. तळाशी, सव्वा इंच खाली, एक बारीक काळी भेग सरळ दोरीसारखी गेली होती. मिस्त्रीनं दुसरी रेघ साफ केली. तिथंही होती. तिसरीतही होती. उभ्या-आडव्या सगळ्या रेघांमधून अंगण फाटलं होतं आणि वर्षभरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे फाटलं सगळीकडेच," धाकटा म्हणाला.

"सगळीकडेच. तिकडं जागा दिलेली होती, इकडं नव्हती."

धाकटा बराच वेळ तसाच बसून होता. मग त्यानं विचारलं, "ही सिमेंटनं बुजवू?"

"सिमेंटनं नको. भेग उन्हाळ्या-पावसाळ्यात उघडझाप करत राहणार, कडक माल त्यात टिकत नाही, सुटून येतो. मागं तीनदा बघितलंत. भेगेच्या कडा जरा रुंद करा, धूळ फुंकून काढा आणि लवचीक सीलंट भरा, रबरासारखं ताणणारं. शहरात दुकानात मिळतं. दिसायला शोभेचं नाही, पण पाणी खाली जाणार नाही."

धाकट्यानं सीलंट आणून भरलं. काळी नागमोडी रेघ अंगणाच्या मधोमध राहिली. रांगोळी काढताना सुना तिच्यावरून काढू लागल्या.

या घरात भांडण कमी होतं असं नाही, आणि प्रेम कमी होतं असंही नाही. चैत्रात विहीर आटते, तशी माणसांची मनंही आकसतात. ते थांबवणं कुणाच्या हातात नसतं. आई दर वर्षी पुरणपोळीनं जे बुजवत होती, ते पुढच्या वर्षी तिथंच उघडत होतं, कारण पाणी भरपूर असताना पाण्याबद्दल बोलायचं कुणाला सुचत नव्हतं. नवं कोरं असताना कुणाला कापावंसं वाटत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात धाकटा एक वही घेऊन थोरल्याच्या खोलीत गेला. "दादा, चैत्रातल्या मोटरच्या पाळ्या लिहून ठेवू."

थोरल्यानं चष्मा वर केला. "आत्ता? अरे, विहीर काठोकाठ भरलीय."

"म्हणूनच आत्ता."

दोघं बसले. लाइटचं वेळापत्रक काढलं. दिवसाच्या आठवड्यात कोण, रात्रीच्या आठवड्यात कोण. पाणी अमुक पायरीच्या खाली गेलं की ऊस आधी थांबणार की मोसंबी, यावर जोरात वाजलं. थोरला म्हणाला, मोसंबीची झाडं बारा वर्षांची आहेत, मेली तर परत येणार नाहीत. धाकटा म्हणाला, उसावर सोसायटीचं कर्ज आहे. आवाज अंगणापर्यंत आले. आई उठून आली नाही आणि तिनं पुरणाची डाळही भिजत घातली नाही. जेवायच्या वेळेपर्यंत वहीचं एक पान भरलं. मोसंबीला आधी पाणी, आणि त्याबदल्यात मोटरच्या दुरुस्तीचा खर्च त्या वर्षी थोरल्याचा. दोघांनी खाली सह्या केल्या.

मग वही आईपुढे ठेवली. तिनं नातीकडून सगळं वाचून घेतलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "यात माझा मेथी-कोथिंबिरीचा वाफा कुठं आहे? रोज सकाळी पाव तास लिहा. आणि तो दोघांच्याही पाळीतून कापा."